डिकॅल, मास्क की ब्रश? ‘बडोदा’ स्क्वाड्रनचं स्पिटफायर रंगवायला घेण्याआधी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात ‘बडोदा’ नावाची एक स्क्वाड्रन होती. क्रमांक १२४. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, कॅसलटाउन इथे तिची नव्याने उभारणी झाली. बडोदा संस्थानाने विमानांसाठी पैसे दिले म्हणून तिला हे नाव मिळालं. युद्धभर तिने स्पिटफायर ही लढाऊ विमानंच उडवली, एकीमागून एक नवी आवृत्ती. धडावर ‘ओएन’ ही अक्षरं असत आणि बोधचिन्हात मुंगूस. बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या, प्लास्टिकची छोटी विमानं जोडून रंगवणाऱ्या मॉडेलवाल्याला हे कळलं की दुसरं कुठलं स्पिटफायर करावंसं वाटतच नाही. माझं तसंच झालं.

अडचण किटचा डबा उघडल्यावर येते. मोठ्या कंपन्यांच्या डब्यात दोन-चार विमानांच्या खुणा दिलेल्या असतात आणि ती विमानं बहुतेक वेळा नावाजलेल्या वैमानिकांची असतात. आपल्या स्क्वाड्रनची अक्षरं त्यांत क्वचितच सापडतात. मग डब्यातल्या डिकॅल्सवरच, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांवरच समाधान मानायचं, डिकॅल्सचं वेगळं पत्रक मागवायचं, मास्क, म्हणजे आजूबाजूची जागा झाकणारा चिकट साचा कापून फवारायचं, घरी छापायचं, की सरळ ब्रश हातात घ्यायचा? हा लेख ज्यांना हे ठरवायचं आहे त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच मांडते: अख्ख्या विमानासाठी एकच पद्धत धरून बसू नका. प्रत्येक खूण खऱ्या विमानावर कशी उमटली होती ते आधी पाहा. कारखान्यात फवारली होती, स्क्वाड्रनच्या माणसांनी ब्रशने रंगवली होती, की स्टेन्सिल ठेवून मारली होती? मग पाहा की आपल्या मॉडेलच्या मापात तीच पद्धत झेपते का. मोठी, भौमितिक खूण रंगवलेलीच चांगली दिसते. बारीक अक्षराला डिकॅलला पर्याय नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे पडतं, तिथे खरी निवड आहे, आणि ती तुमच्या हौसेइतकीच मापावर अवलंबून आहे.

आधी साल ठरवा, मग माप

राउंडेल, म्हणजे पंखांवरची आणि धडावरची रंगीत वर्तुळं, युद्धाच्या मधोमध बदलली. १२४ स्क्वाड्रनकडे १९४१ च्या अखेरीपासून १९४२ च्या मध्यापर्यंत स्पिटफायर पाच-बी होती. त्या काळात धडावरच्या राउंडेलचे लाल, पांढरा, निळा आणि पिवळा हे व्यास १:३:५:७ या प्रमाणात असत, बाहेरचा व्यास ३५ इंच. पांढरा आणि पिवळा इतके रुंद असल्यामुळे विमान दुरूनच नजरेत भरे. म्हणून १९४२ च्या मे ते जुलैदरम्यान नवा प्रकार लागू झाला: प्रमाण ३:४:८:९, बाहेरचा व्यास ३६ इंच, पांढरा आणि पिवळा पट्टा जेमतेम दोन-दोन इंचांचा. शेपटीच्या उभ्या पंखावरचा तिरंगी पट्टाही तेव्हाच बदलला. आधी २४ इंच रुंदीत तिन्ही रंग आठ-आठ इंच होते. नंतर लाल आणि निळा अकरा-अकरा, मधला पांढरा फक्त दोन. पंखाच्या वरच्या बाजूला मात्र आधीही आणि नंतरही लाल-निळं दुरंगी वर्तुळच राहिलं, सुमारे ५६ इंचांचं.

तेव्हा १९४२ च्या मार्चमधलं ‘ओएन’ आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं ‘ओएन’ ही दिसायला वेगळी विमानं आहेत. ऑगस्टपर्यंत स्क्वाड्रनकडे उंचावरून उडण्यासाठी केलेलं स्पिटफायर सहा आलं होतं, त्यावर नव्या पद्धतीची वर्तुळं. कुठलं साल करायचं ते ठरल्याशिवाय डिकॅल मागवू नका आणि मास्कची फाइलही करू नका.

आता मापं. धडावरचं ३६ इंची राउंडेल १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या मॉडेलवर, १९.०५ मिलिमीटरचं होतं आणि १/७२ मध्ये १२.७ चं. त्यातला दोन इंची पांढरा पट्टा १/४८ मध्ये एक मिलिमीटरहून किंचित जास्त, १/७२ मध्ये ०.७ मिलिमीटर. जुन्या प्रकाराच्या मधला पाच इंची लाल ठिपका १/४८ मध्ये २.६५ आणि १/७२ मध्ये १.७६ मिलिमीटर. शेपटीजवळचा विमानाचा क्रमांक आठ इंच उंचीच्या अक्षरांत असे: १/४८ मध्ये ४.२ मिलिमीटर, १/७२ मध्ये २.८. हे आकडे पट्टीवर एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. पुढचा निम्मा निर्णय तिथेच लागतो.

डिकॅल: खात्री मिळते, ती कुठपर्यंत?

पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकॅलचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे वर्तुळ वर्तुळच असतं. ०.७ मिलिमीटरचा पांढरा पट्टा चारही बाजूंनी सारखा येतो आणि पिवळा रंग खालच्या हिरव्यावर फिका पडत नाही, कारण छापताना त्याखाली पांढऱ्याचा थर दिलेला असतो. इटलीच्या कार्टोग्राफसारख्या चांगल्या छापखान्याचं पत्रक हातात आलं तर १/७२ मध्ये हाताने त्याची बरोबरी करायचा विचारही करू नये. दारांवरच्या सूचना, इंधनाच्या झाकणांवरची इवली अक्षरं, क्रमांक, हे सगळं डिकॅलचंच राज्य.

मात्र पत्रक घेताना एक गोष्ट तपासा. रंग एकावर एक छापले जातात आणि जुन्या किंवा स्वस्त छपाईत ते किंचित सरकतात. भिंग लावून मधला लाल ठिपका बरोबर मध्यावर आहे का ते पाहा. तो एका बाजूला गेला असेल तर मॉडेल कितीही मन लावून रंगवा, बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

दुसरा प्रश्न रंगाचा, आणि अचूकतेच्या दृष्टीने मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युद्धकाळातला ब्रिटिश लाल विटेकडे झुकणारा, मंद; निळाही काळपट. पुष्कळ डब्यांतली डिकॅल्स मात्र शांततेच्या काळातल्या लखलखीत लाल-निळ्यात छापलेली असतात. जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंगाचा अंदाज बांधायला जाल तर हमखास फसाल. त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे तो काळा येतो, पिवळाही गडद होतो आणि निळा उजळ दिसतो. फोटोत बाहेरचं पिवळं वर्तुळ जवळजवळ काळं दिसलं म्हणून ते नव्हतंच असं समजू नका. डिकॅलचा रंग चुकीचा असेल तर वर फिक्या, पातळ तपकिरीचा एक फवारा मारून तो थोडा मारता येतो. तेवढ्यावर भागतं, पण बरोबर रंग कालवून रंगवलेल्या वर्तुळाची सर त्याला येत नाही.

आता लावण्याबद्दल. डिकॅलखाली हवा अडकली की पारदर्शक पडदा चंदेरी चमकतो आणि रंगवलेल्या विमानावर कागद चिकटवल्यासारखं दिसतं. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, हवा त्याच्या खाचांत अडकते. म्हणून आधी चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा थर, तो पूर्ण वाळू देणं, मग डिकॅल आणि शेवटी मॅट. क्लिअर कोटचा कंटाळा करून थेट मॅटवर डिकॅल लावणं म्हणजे पायाआधी कळस चढवणं. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल यांसारखी दोन द्रावणं घ्या. पहिलं चिकटायला मदत करतं. दुसरं पडदा मऊ करून पॅनेलच्या खाचांत बसवतं. दुसरं लावल्यावर डिकॅल सुरकुततं आणि जीव घाबरा होतो. त्याला हात लावायचा नाही, वाळताना ते आपोआप ताणलं जातं.

बडोद्यातल्या हवापाण्याचाही विचार करा. नळाच्या पाण्यातले क्षार डिकॅलखाली पांढरट डाग सोडतात, त्यामुळे गॅरेजमध्ये मिळतं ते बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली काम करू नका. द्रावण क्षणात उडतं आणि डिकॅल सरकवायला वेळच मिळत नाही, म्हणून जागा आधी थेंबभर पाण्याने ओली ठेवा. पावसाळ्यात उलट, वाळायला फार वेळ लागतो, घाईने पुढचा कोट दिला तर ओल आत कोंडते. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस या कामाला उत्तम.

वेगळ्या पत्रकांचं म्हणाल, तर एकाच विमानासाठी परदेशातून पत्रक मागवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. टपालखर्च आणि आयातशुल्क धरलं तर कधी कधी मूळ किटच स्वस्त पडतं. त्याऐवजी सर्वसाधारण अक्षरांचं पत्रक घ्या. एक्स्ट्राडिकॅलसारख्या कंपन्या स्काय या फिकट हिरवट रंगातली २४ इंची अक्षरं आणि काळे क्रमांक दोन्ही मापांत छापतात. त्यातून ‘ओ’ आणि ‘एन’ जुळवा आणि राउंडेल डब्यातलेच वापरा. एका पत्रकातून तीन-चार विमानं सहज निघतात, पैसा वसूल होतो.

मास्क आणि एअरब्रश: कष्ट जास्त, पण विमान खरं दिसतं

राउंडेल खऱ्या विमानावर रंगानेच केलं होतं. मॉडेलवरही ते रंगाचंच असलं की पडदा नाही, कड नाही, चंदेरी चमक नाही. पॅनेलच्या रेषा आणि रिवेट त्यातून आपसूक दिसतात. शिवाय लाल आणि निळा आपल्या हाताने कालवता येतो. उन्हाने विटलेलं, पुसट झालेलं राउंडेल हवं असेल तर ते इथेच जमतं. १/४८ मध्ये माझी पसंती निःसंशय मास्कला आहे.

तयार मास्क परदेशी कंपन्यांकडून मिळतात, पण आपल्याकडे त्याहून जवळचा मार्ग आहे: गाडीच्या नंबरप्लेट आणि स्टिकर कापणारा रेडियमवाला. त्याच्याकडे प्लॉटर असतो, तो कोरलड्रॉची फाइल घेतो, आणि १९ मिलिमीटरचं वर्तुळ कापणं त्याच्या यंत्राला काहीच नाही. अट एकच: त्याचं नेहमीचं रेडियम वापरू नका. त्याचा गोंद गाडीवर वर्षानुवर्षं टिकावा असा असतो आणि सोलताना खालचा हिरवा-करडा रंग घेऊनच निघतो. त्याला ओरामास्कसारखी कमी गोंदाची स्टेन्सिल फिल्म लावायला सांगा. ती त्याच्याकडे नसेल तर एक छोटा तुकडा मागवून स्वतः घेऊन जा. फाइल मिलिमीटरमध्येच द्या आणि कापल्यावर तिथेच पट्टीने मोजा, कारण फाइल उघडताना माप हळूच बदलण्याचे प्रकार होतात. १२.७ मिलिमीटर उंचीची, म्हणजे १/४८ मधली २४ इंची अक्षरं प्लॉटर स्वच्छ कापतो. १/७२ मध्ये तीच अक्षरं साडेआठ मिलिमीटरची होतात, अजून जमतात, पण आतले कोपरे गोलसर येऊ लागतात. चार मिलिमीटरच्या क्रमांकाला त्याच्या नादी लागू नका.

प्लॉटर नको असेल तर जपानी कागदी टेपवर कंपास-कटरने वर्तुळं कापता येतात. ती वक्र पृष्ठभागावर विनाइलपेक्षा छान बसते. विनाइल पंखाच्या उताराला ताणलं जाऊन कडेने उचलतं. पण साधे कंपास-कटर दहा मिलिमीटरच्या आतलं वर्तुळ नीट कापत नाहीत. मधल्या लाल ठिपक्यासाठी चामड्याला भोकं पाडायचा पंच वापरा, मांडवीजवळच्या हत्यारांच्या दुकानात त्याचा संच मिळतो. तो पूर्ण किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या मापात येतो, त्यामुळे १/४८ मधल्या नव्या प्रकारच्या ठिपक्याला ६.३५ ऐवजी ६.५ घ्यावा लागेल. इतका फरक डोळ्यांना कळत नाही.

रंग मारण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. नव्या प्रकारचं चार रंगांचं राउंडेल घ्या. बाहेरची चौकट चिकटवा आणि आतली संपूर्ण तबकडी पांढरी मारा, पातळ थरांत, दोन-तीनदा. ती वाळली की मधोमध १६ इंची मापाची, म्हणजे १/४८ मध्ये साडेआठ मिलिमीटरची चकती लावा आणि सगळीकडे पिवळा मारा. आता बाहेरचा पिवळा पट्टा टिकवण्यासाठी त्यावर अरुंद कडी चिकटवा आणि मधल्या मोकळ्या जागेत निळा मारा. मग चकती सोला: तिच्याखाली पांढरं वर्तुळ स्वच्छ सापडेल. त्यावर १२ इंची भोकाची चौकट लावून लाल मारा. सगळं वाळल्यावर, पण रंग दगडासारखा होण्याआधी, मास्क मागे दुमडून हळूच सोला. पांढरा आधी दिल्यामुळे पिवळा आणि लाल दोन्ही ताजे दिसतात. थेट हिरव्यावर पिवळा मारला तर तो आंब्याच्या कढीसारखा मळकट होतो.

मध्य जुळणं ही यातली खरी कसोटी आहे. चकती लावण्याआधी चौकटीवर पेन्सिलने आडवी-उभी रेघ आखून ठेवा आणि चकतीवरही. दोन्ही जुळल्या की दाबा. फवारण्याआधी कडेवर क्लिअर कोटचा एक अगदी हलका थर दिला तर रंग कडेखाली झिरपत नाही. थर जाड झाले तर कडेला उंचवटा राहतो, तो २००० क्रमांकाच्या ओल्या पॉलिशपेपरने अलगद घासून काढता येतो.

स्काय रंगाचा शेपटीजवळचा १८ इंची पट्टा आणि पंखांच्या पुढच्या कडेची पिवळी रेघ कॅमफ्लाजच्या आधी मारून झाकून टाका. त्यांवर हिरवा-करडा आला की कडा आपोआप चोख येतात. ज्यांना टामियाचे रंग सोपे वाटतात त्यांच्यासाठी सांगते: एक्सएफ-८१, ८२ आणि ८३ हे या काळाचे गडद हिरवा, ओशन ग्रे आणि मीडियम सी ग्रे, आणि एक्सएफ-२१ हा स्काय. लाल-निळा मात्र त्यांच्या एक्सएफ-७ आणि एक्सएफ-८ मध्ये अनुक्रमे थोडा तपकिरी आणि थोडा काळा मिसळून घ्यावा.

खर्चाचं तोंड इथे मोठं आहे. एअरब्रश, कंप्रेसर, ओल अडवणारा फिल्टर. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या फिल्टरशिवाय फवाराल तर नळीतून पाण्याचे थेंब थेट राउंडेलवर पडतील. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला वापरा, रंगात मिसळून प्लास्टिकवर मारू नका. ते पॉलिस्टायरीन खातं. आणि खिडकी उघडी, मास्क तोंडावर, हे सांगायला नको.

घरी छापलेली डिकॅल्स

लेझर प्रिंटरवर पारदर्शक डिकॅल कागदावर छापणं दिसतं तितकं सर्वगुणसंपन्न नाही. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. गडद हिरव्यावर लाल-निळं राउंडेल लावलं तर ते जवळपास गायब होतं, कारण टोनर पारदर्शक असतो. पांढऱ्या डिकॅल कागदावर छापून वर्तुळाबरोबर कापलं तर चालतं, पण मग कड पांढरी दिसते आणि कागद जाड असतो. स्काय रंगाची अक्षरं तर या मार्गाने विसरूनच जा.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत अव्वल आहे: काळे क्रमांक. १२४ स्क्वाड्रनच्या विशिष्ट विमानाचा क्रमांक कुठल्याही पत्रकात तयार सापडणार नाही, आणि तो काळाच असतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे चांगला लेझर प्रिंटर असेल तर कागद घेऊन जा. दोन-चार मापांत, थोडा रुंद, थोडा अरुंद, असा एकच क्रमांक पानभर छापून घ्या, एका पानाला अनेक प्रयत्न मिळतात. इंकजेटवर छापलं तर आधी वॉर्निशचा फवारा मारावा लागतो, नाहीतर पाण्यात शाई विरघळते.

ब्रश कुठे हरत नाही

जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरण्याच्या आदल्या दिवसांत मित्रराष्ट्रांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे रंगवले गेले, पंखांवर आणि धडावर पाच-पाच. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा. हे काम हुकूम आल्यावर अक्षरशः रातोरात, ब्रशने आणि मिळेल त्या साधनाने केलं गेलं. रेषा वाकड्या, काठ खडबडीत. या पट्ट्यांची सरळसोट डिकॅल्स लावणं मला अचूकतेच्या विरुद्ध वाटतं. टेप लावून पांढरं फवारा किंवा ब्रशने मारा, मग काळा ब्रशने, जरा घाईने. इथे हाताचा थरथराट हीच खरी गोष्ट आहे. फक्त माप सांभाळा: १/७२ मध्ये एक पट्टा ६.३५ मिलिमीटरचा, पण बाजारातली टेप सहाची. एका पट्ट्यात फरक कळत नाही, पण पाच पट्ट्यांत पावणेदोन मिलिमीटर कमी पडतात आणि शेवटचा पट्टा चुकीच्या पॅनेलवर जातो.

ब्रशवाल्यांसाठी आणखी एक साधन आहे, ते आता फारसं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही: ड्रॉइंगच्या पेटीतला शाईचा कंपास. १८९० साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या कलाभवनात किंवा पुढे इंजिनिअरिंगला शिकलेले कोणी आजोबा-काका घरात असतील तर त्यांची पेटी मागा. त्यातल्या रूलिंग पेनमध्ये दुधाइतका पातळ केलेला ॲक्रिलिक रंग भरला की राउंडेलची बाहेरची पिवळी कडी एका फेऱ्यात, एक मिलिमीटर जाडीने काढता येते. टोक प्लास्टिकमध्ये रुतू नये म्हणून मध्यावर टेपचा तुकडा लावा. ज्यांच्याकडे एअरब्रश नाही आणि तरी रंगवलेलं राउंडेल हवं आहे, त्यांनी आधी हे करून पाहावं. आतला रंग मग ब्रशने भरता येतो, कड सांभाळायची चिंता राहत नाही. वैमानिकाचं नाव, पाडलेल्या विमानांच्या खुणा ही स्क्वाड्रनमधल्या एखाद्या हौशी माणसाने केलेली हातची कामगिरीच असे, तीही ब्रशने शोभते.

इतर विमानं निवडत असाल तर

पहिल्यांदाच मास्क करून पाहायचा असेल तर चार रंगी ब्रिटिश राउंडेलपासून सुरुवात करू नका. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं भारतीय हवाई दलाचं हरिकेन घ्या. १९४४ मध्ये इम्फाळला स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या क्रमांक एकच्या स्क्वाड्रनने तीच विमानं उडवली. जपानी विमानांवरच्या लाल वर्तुळाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्या आघाडीवर राउंडेलमधला लाल काढून टाकला होता; उरली गडद निळी आणि आत फिकट निळी, दोनच वर्तुळं, तीही लहान. दोन चकत्या, दोन रंग, आणि हात बसायला आदर्श सराव. डब्यातल्या गडद-फिकट निळ्याची छटा बऱ्याचदा मनाला येईल तशी छापलेली असते, तेव्हा इथेही रंगवण्याचा फायदा लगेच दिसतो.

जपानी विमानांचं लाल वर्तुळ याहूनही सोपं. मास्क, एकच फवारा, आणि झिजलेलं दाखवायचं असेल तर वरून टोकाने खरवडणं. डिकॅलवर ती झीज कधीच खरी दिसत नाही. जर्मन मेसरश्मिटच्या क्रॉसना सरळ रेषा असल्याने साधी टेप पुरते. शेपटीवरचं हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझी स्वस्तिक, मात्र युरोपात विकल्या जाणाऱ्या डब्यांत बऱ्याचदा नसतंच किंवा दोन तुकड्यांत छापलेलं असतं. ते अचूक हवं असेल तर मास्कच करा. अमेरिकन मस्टँगच्या नाकावरच्या चौकटी मात्र डिकॅललाच सोडून द्या. नाकाच्या वक्रावर चौकटींचा मास्क जुळवणं हे मुरलेल्या हाताचं काम आहे.

मग ठरवायचं काय

१/७२ मध्ये बडोदा स्क्वाड्रन करायची असेल तर: राउंडेल डब्यातले किंवा चांगल्या पत्रकातले, ‘ओएन’ सर्वसाधारण अक्षरांच्या पत्रकातून, क्रमांक घरी किंवा झेरॉक्सवाल्याकडे काळ्यात छापून. शेपटीचा पट्टा आणि पंखाची पिवळी कड रंगाने. राउंडेलचा लाल जरा जास्तच भडक असेल तर वरून पातळ तपकिरीचा एक फवारा, बस.

१/४८ मध्ये, आणि हातात एअरब्रश असेल, तर राउंडेल, अक्षरं आणि शेपटीचा तिरंगी पट्टा तिन्ही मास्कने, क्रमांक आणि सूचना डिकॅलने. जोडणी एवढी छान होते की दुसऱ्या कुठल्या मार्गाने का जावं, असा प्रश्न पडतो. १९४२ च्या मध्यानंतरचं विमान घेतलं तर राउंडेलचा मधला ठिपका मोठा मिळतो आणि मास्क लावणं बरंच सुसह्य होतं. नवशिक्याने या कारणासाठीच ऑगस्ट १९४२ चं स्पिटफायर सहा निवडावं, आधीचं पाच-बी नव्हे. ते लांबुडक्या टोकदार पंखांचं आहे, दिसायलाही वेगळं.

एअरब्रश नाही आणि घ्यायचा विचारही नाही, तर १/४८ चं किट घेऊ नका. तेवढ्या मोठ्या राउंडेलवर डिकॅलचा पडदा लपत नाही आणि ब्रशने तेवढा मोठा निळा सपाट बसत नाही. १/७२ मध्ये डिकॅल आणि शाईचा कंपास ही जोडी उत्तम जमते.

आणि ज्याला एअरब्रश घ्यायचाच आहे पण यंदा की पुढच्या वर्षी हे ठरत नाही, त्याने आता डिकॅलवरचं १/७२ चं हरिकेन करावं. त्याच्या मॅट कोटपर्यंत पोचेपर्यंत दिवाळी येईल, हवा कोरडी होईल, आणि रेडियमवाल्याकडची गणपती-नवरात्रीची स्टिकरची गर्दी ओसरली असेल. तेव्हा ‘ओएन’ची फाइल त्याच्याकडे द्यावी.